तुक्का मारला की तुक्का लागला?

नांदुऱ्यात माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. एक संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि बाहेर गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक. पोलीस भरती, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शाळाप्रवेश, ठिबकचं अनुदान, सगळं याच टेबलावरून जातं. लाइट गेली किंवा सर्व्हर अडला की लोक बाकावर बसतात आणि बोलतात. बारा वर्षांत किती अर्ज भरले याचा हिशेब माझ्याकडे नाही. पण त्या बाकावर सगळ्यांत जास्त ऐकलेला शब्द कोणता, ते सांगू शकते. तो शब्द म्हणजे तुक्का.

परवा पोलीस भरतीची अंतिम यादी लागली. आमच्या गल्लीतल्या एका पोराचं नाव त्यात होतं. मी यादीचं पान छापून भिंतीला चिकटवलं. बाकावरच्या एका काकांनी चष्मा वर करून नाव वाचलं आणि म्हणाले, "लागला बा पोट्ट्याचा तुक्का!" मनात वाईट काही नव्हतं, आपलं बोलून गेले. पण मला ते लागलं. दोन वर्षं पहाटे मी अंगणात सडा टाकत असताना तो पोरगा हायवेकडे धावत जाताना मी पाहिलाय, 105 फुटी हनुमानाच्या मूर्तीपर्यंत आणि परत. त्या धावण्याला तुक्का म्हणायचं? तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही.

तुक्का आपल्याकडे हिंदीतून आला आणि हिंदीत फारसीतून. मूळ अर्थ टोक नसलेला, बोथट बाण. टोकाचा तो तीर, बिनटोकाचा तो तुक्का. म्हणूनच 'लागला तर तीर, नाही तर तुक्का' ही म्हण. आता गंमत पाहा. या म्हणीतला तुक्का म्हणजे वाया गेलेला बाण. आमच्या बाकावरचा तुक्का मात्र नेमका जागेवर बसलेला. जो नेम चुकल्यावर म्हणायचा शब्द होता, तो नेम बसल्यावर म्हणायचा झाला. मधे कुठेतरी लोकांनी ठरवून टाकलं असावं की बसलेल्या नेमामागेही बहुतेक वेळा टोक नसतंच.

त्याला क्रियापदंही दोन लागतात. तुक्का 'मारतात' आणि तुक्का 'लागतो'. मारला म्हटलं की मारणारा कोणीतरी आहे, त्याने अंदाज बांधला, धाडस केलं. लागला म्हटलं की माणूस गायब. ठेच लागते, नजर लागते, डोळा लागतो, लॉटरी लागते, त्यात आपण काही करत नाही, ते आपल्याला होतं. आणि याच रांगेत मराठीने आणखी एक गोष्ट नेऊन बसवली आहे. पोराला नोकरीही 'लागते'. कमावली, मिळवली असं आम्ही क्वचितच म्हणतो. तेव्हा बाकावरच्या काकांचा एकट्याचा दोष नाही. आपल्या भाषेनेच नोकरीला लॉटरीशेजारी पाट मांडून दिला आहे.

योगायोग हा शब्द आपल्याकडे आहेच, पण तो इस्त्रीच्या कपड्यातला, भाषणात आणि लग्नाच्या बैठकीत शोभणारा. शिवाय अर्थातही फरक आहे. योगायोगात दोन गोष्टी आपापल्या वाटेने येऊन एकमेकींना भेटतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. तिथे फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं, आणि हा शब्द कसा बनतो त्याचा नियमही पाणिनीच्या व्याकरणात सापडतो, इतकी ही गोष्ट जुनी. पण त्या कावळ्याने पैज लावली नव्हती. तुक्क्याला पैज लावणारा लागतो. नशीब हा जन्मभराचा हिशेब, तुक्का एका डावाचा. म्हणून तो माणसाच्या जास्त जवळचा शब्द, आणि म्हणूनच जास्त धोक्याचा.

धोका कसा, ते आमच्या कापसाने शिकवलं.

2021-22 च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. जवळच्या एका खेड्यातले काका माझ्याकडे पीकविम्याच्या कामाला येतात. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा पाय मोडला. कापूस गाडीत भरून नेणार कोण, म्हणून तो पुढच्या खोलीत पडून राहिला. उन्हाळ्यात पाय बरा झाला आणि कापूस विकला, तेव्हा भाव कुठल्या कुठे गेलेला. काकांनी पेढे वाटले आणि स्वतःच म्हणाले, "ताई, पाय मोडला म्हनून तुक्का लागला." किती खरं बोलणं! पण पुढच्या हंगामात काय झालं? पाय धड असलेल्या अर्ध्या गावाने कापूस घरात ठेवला. खोल्या छतापर्यंत भरल्या, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, सावकाराचं व्याज चढलं आणि भाव सात-आठ हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला. काकांनीही ठेवला होता. पहिल्या वर्षी ज्याला ते तुक्का म्हणाले, त्यालाच दुसऱ्या वर्षी ते धोरण म्हणत होते.

आमच्या वऱ्हाडात हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या आणि इथला भाव आभाळाला भिडला. युद्ध संपलं तसा तो कोसळला. सातासमुद्रापलीकडच्या लढाईने दिलेला भाव कायमचा समजून चाललेले सगळे त्यात बुडाले. पुढे 1870 मध्ये आमच्या शेजारच्या जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तोही कापसासाठीच. तेव्हापासून या भागाचा कापूस जगाच्या बाजाराला बांधलेला आहे. भाव दुसरीकडे ठरतो आणि आमच्याकडे तो 'लागतो'.

मटक्याचा जुगारही याच कापसातून निघाला, हे बाकावर सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, ते आकडे मुंबईला तारेने यायचे आणि लोक त्यांच्यावर पैसे लावायचे. आकडा लावणं ते हेच. 1961 मध्ये ते भाव येणं थांबलं. जुगाऱ्यांचं मात्र काही थांबलं नाही. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. कापूस गेला, त्याच्या जागी मडक्यातल्या चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते आले. ओपन आणि क्लोज हे शब्द तेवढे राहिले. म्हणजे ज्यात घाम होता ती वस्तू निघून गेली आणि निव्वळ तुक्का उरला. आज कुणाला अचानक काही मिळालं की 'मटका लागला' म्हणतात. त्या मडक्यात कधीकाळी कुणाच्या तरी शेतातला कापूस होता, हे कुणाच्या ध्यानातही नसतं.

आमच्या भागात अंदाजाची आणखी एक मोठी गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाता येणार नाही. पूर्णा नदीपलीकडे जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. तिथे अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा प्रकारची धान्यं, मधे खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, सांडई, कुरडई. रात्री तिथे कुणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय ओलं झालं ते पाहून पाऊस, पिकं, इतकंच काय राजाच्या गादीचंही भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांनी सुरू केलेली ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची मानली जाते. पंचक्रोशीतले शेतकरी पहाटेच्या अंधारात तिथे जाऊन उभे राहतात. माझे वडील जायचे, मीही एकदा गेले आहे.

अंधश्रद्धा निर्मूलनवाले याला निव्वळ तुक्का म्हणतात. गणित मांडलं तर त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. एका महिन्याला कमी, मध्यम आणि जास्त असे तीनच पर्याय धरले, तरी डोळे मिटून सांगणाऱ्याचेही चारपैकी एक-दोन महिने बहुतेक वर्षी जुळतील. चारही जुळायची शक्यता मात्र एक्याऐंशीत एक. आपण जुळलेला महिना लक्षात ठेवतो आणि बाकीचे पावसात वाहून जातात. हे सगळं मला पटतं. तरीही भेंडवळला जाणाऱ्याला हसायला माझी जीभ वळत नाही. ज्याचं वर्षाचं पोट जून-जुलैच्या ढगांवर आहे, त्याला पेरणीच्या आधी कुणीतरी काहीतरी सांगावं असं वाटतं. त्या पहाटे मी एका आजोबांना विचारलं होतं, "बाबा, हे खरं होतं का?" ते म्हणाले, "होते बी अन् नाई बी. पेरा लागतेच न माय." पेरावं लागतंच. भाकीत ऐकून घरी बसलेला शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

आता ज्याच्यावरून विषय निघाला त्या परीक्षेकडे येते. माझ्याकडे अर्ज भरायला येणारी पोरं पेपरहून परतताना सांगून जातात, "ताई, वीसेक तुक्के मारले." तेव्हा मी त्यांना झेरॉक्सच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडून दाखवते. शंभर प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय. काहीच न वाचता सगळीकडे गोल काळे केले, तर सरासरी पंचवीस बरोबर येतात. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत पात्र व्हायलाच किमान 40 टक्के लागतात, म्हणजे नुसत्या तुक्क्याची गाडी पंचविसाच्या स्टेशनावरच थांबली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत तर चुकलेल्या उत्तरामागे एक तृतीयांश गुण कापतात. पंचवीस बरोबर, पंच्याहत्तर चूक, पंचविसातून पंचवीस गेले, हाती शून्य. पण ज्याने थोडं वाचलंय आणि ज्याला चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढं कळतं, त्याचं काय? त्याचे पन्नास बरोबर येतील, पन्नासाचे साडेसोळा-सतरा कापले जातील, तरी तेहतीस उरतील. तुक्का तोच, मारणाराही तोच. पण अर्ध्या अभ्यासाने त्या बोथट बाणाला थोडं टोक आलेलं असतं.

आणि भरतीत लेखीच्या आधी मैदान असतं. गोळाफेक, शंभर मीटर आणि मुलांना 1600 मीटर धावणं. या 1600 मीटरला चार पर्याय नसतात. तिथे तुक्का मारायची सोय कुणीही केलेली नाही.

जिथे खरोखरच सगळं नशिबावर असतं, तिथे मात्र हा शब्द तोंडातून निघत नाही, हे मला विचित्र वाटतं. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या 25 टक्के जागांसाठी ऑनलाइन सोडत निघते. एका वर्षी निकाल पाहून एक आई माझ्यासमोर रडायला लागली. तिच्या जावेच्या मुलीचा नंबर लागला होता, हिच्या मुलाचा नाही. "ताई, माझ्या अर्जात काय चुकलं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. दोन्ही अर्ज मीच भरले होते. चुकलं काहीच नव्हतं. जागा थोड्या, अर्ज जास्त, संगणकाने नावं उचलली, संपलं. मी तिला म्हटलं, "बाई, तो तुक्का असतो. तुझा नाही लागला." तिने डोळे पुसले. त्या दिवशी मला कळलं की हा शब्द औषधासारखाही वापरता येतो. स्वतःला बोल लावत बसलेल्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं तो उतरवतो.

शेतीच्या योजनांचंही तसंच. महाडीबीटीवर ट्रॅक्टर, ठिबक, अवजारं यांसाठी वर्षानुवर्षं सोडत निघायची. 2025 पासून 'जो आधी अर्ज करेल त्याला आधी' अशी पद्धत आली. काही लोक म्हणाले, बरं झालं, लॉटरी गेली. मला तसं वाटत नाही. आता ज्याच्याकडे चांगला मोबाइल, ज्याच्या गावात रेंज, ज्याला बातमी आधी कळली, तो पुढे. सोडतीत निदान सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या होत्या. वस्तू थोड्या आणि मागणारे फार असतील, तर वशिल्यापेक्षा उघड तुक्का केव्हाही बरा. फक्त त्याला तुक्का म्हणायची हिंमत ठेवावी. मिळालेल्याने ती आपली हुशारी समजू नये आणि राहिलेल्याने आपला गुन्हा समजू नये.

उलट जिथे तुक्का नसतो तिथे आपण तो खुशाल चिकटवतो. अजिंठ्याचंच घ्या. ज्या डोंगररांगेवर आमचं बुलडाणा वसलंय, तिच्यातच ही लेणी आहेत. 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला आणि झाडीआड त्याला लेण्याची कमान दिसली. शाळेत आपण हेच शिकलो: वाघ शोधायला गेला आणि अजिंठा सापडला. पण तिथल्या गुराख्यांना आणि गावकऱ्यांना त्या गुंफा ठाऊक होत्याच. 'अचानक' हा शब्द स्मिथच्या बाजूचा, गुराख्याच्या बोलण्यात तो येण्याचं कारण नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला जे एकदम घडल्यासारखं दिसतं, ते आतल्या माणसाच्या रोजच्या पायाखालचं असतं. बाकावरच्या काकांनी भिंतीवर एकदम एक नाव पाहिलं. सडा टाकताना दोन वर्षं ते नाव धावताना मी पाहिलं होतं. आमच्या दोघांच्या शब्दांत एवढाच फरक होता.

यादी लागली त्याच संध्याकाळी तो पोरगा पेढ्यांचा बॉक्स घेऊन दुकानात आला. माझ्या पाया पडायला वाकला, मी मधेच अडवला. म्हटलं, "कसं काय जमवलंस रे?" तर मान खाली घालून हसत म्हणाला, "काई नाई ताई, तुक्का लागला. पेपर सोपा होता यंदा." सकाळी ऐकून मी चिडले होते तोच शब्द, तेच क्रियापद. पण त्याच्या तोंडून तो किती गोड वाटला. कारण आता तो स्वतःबद्दल बोलत होता. आपल्यासारखंच धावलेली आणि दोन गुणांनी राहिलेली पोरं त्याला ठाऊक होती. त्यांच्या आठवणीने त्याने आपल्या यशातला थोडा वाटा नशिबाला देऊन टाकला होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शाळेत आपण प्रथम, द्वितीय आणि तृतीय असे तीन पुरुष शिकलो. तुक्का हा शब्द यशाच्या वेळी फक्त प्रथम पुरुषात वापरावा: 'माझा तुक्का लागला.' म्हणणाऱ्याचं त्याने काही कमी होत नाही, आणि पुढच्या वर्षी घर कापसाने भरायची वेळही येत नाही. दुसऱ्याच्या यशाला हा शब्द लावण्याआधी तो पहाटे किती वाजता उठतो, याची चौकशी करावी. आणि दुसरा हरून समोर बसला असेल, तेव्हा मात्र हात आखडू नये. 'तुझा तुक्का लागला नाही, बाकी तुझं काही चुकलं नाही' असं मोकळ्या मनाने म्हणावं.

बाकावरचे ते काका दुसऱ्या दिवशी नातवाचा भरतीचा अर्ज भरायला आले. मी त्यांच्यापुढे कालच्या बॉक्समधला एक पेढा ठेवला आणि नातवाला पहाटे कितीला उठवता, ते विचारलं.